पदराची पाटी

अक्का, तू गेलीस त्या दिवशी जिनिंग चालू होतं. तार मला उशिरा मिळाली. मी स्टेशनावरून घरी पोचलो तेव्हा तुला नेऊन एक दिवस उलटला होता. दारात तुझ्या जिनिंगातली कौसाबाई बसली होती. तिने तिच्या एका हाताने माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "उशीर केलास नामा. लय वाट पाह्यली तिनं." मग आत जाऊन पाणी आणलं. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांचा आवाज घरापर्यंत येत होता. बारा वर्षं तू ज्या आवाजात काम केलंस तोच. मला वाटलं होतं, निदान अर्धा दिवस तरी बंद ठेवतील. कौसाबाईला तसं बोललो तर तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सीझन हाय न्हवं."

तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं तू शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचीस. मास्तरांच्या तोंडून तुझ्या कानावर जाणार म्हणून मी खुशालीपलीकडे कधी फार काही लिहिलं नाही. आता मास्तरांची अडचण नाही. म्हणून हे लिहितोय. लिहिताना एकेक ओळ मोठ्याने म्हणतोय, एवढ्या रिकाम्या घरात त्याला कुणी हसणारही नाही.

निजामावर पोलिस ॲक्शन झाली त्या वर्षी आपण पेडगावहून परभणीला आलो. माय गेली होती, शेत चुलत्यांकडे होतं, आणि तू सासरहून परत आली होतीस. का आलीस, ते मी कधी विचारलं नाही. लहान होतो तेव्हा सुचलं नाही आणि मोठा झाल्यावर धीर झाला नाही. तू बावीसची असशील, मी बाराचा. स्टेशनापलीकडे पत्र्याची खोली घेतलीस आणि दिवाळीनंतर जिनिंगात रेच्यावर कापूस लावायला जायला लागलीस.

त्या दिवसांत सगळ्या शहरात पाट्या बदलत होत्या. कचेरीवर, मोंढ्याच्या बाजारात, शाळेवर, जिकडे तिकडे शिडी लावून रंगारी उभा. जुनी उर्दू अक्षरं पांढऱ्या रंगाखाली जायची आणि वर मराठी अक्षरं यायची. मी शाळेतून सुटलो की शिडीखाली उभा राहायचो. अलिफ-बे शिकून झालं होतं आणि आता पुन्हा श्रीगणेशा, पण मला त्याचं दुःख नव्हतं. ब्रश फळीवरून कसा सरकतो, रेघ कुठे जाड होते आणि कुठे निमुळती, एवढंच मी बघायचो. जिनिंगच्या फाटकावरची पाटी बदलली त्या दिवशी तू कामावरून बाहेर आलीस आणि मी तिथेच सापडलो. मी तुला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "अक्का, आता पाटी आपल्या भाषेत झाली."

तू वर पाहिलंस. लुगड्यावर, केसांत, भुवयांवर रुई चिकटलेली. म्हणालीस, "माझ्यासाठी काय बदललं रे? आधीची वाचता येत न्हवती, आताची बी येत न्हाई."

तू हे हसत म्हणाली होतीस. मी पण हसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे कळायला मला दहा वर्षं लागली.

माझ्या बोटांत काही आहे हे तूच आधी ओळखलंस. मी भिंतीवर कोळशाने काढायचो तर तू भिंत सारवायचीस, पण चित्राभोवतीची जागा सोडून. रुईच्या गाठी बांधायचं फाटकं गोणपाट आणि गाठींवर खुणा करायची उरलीसुरली काळी शाई डबीत घालून आणायचीस. मुकादमाने एकदा फाटकात तुला अडवलं, तेव्हा तू त्याला म्हणालीस, "भावाला लागती. तुमचं नाव काढील तो." मी कुणाचंच नाव काढलं नाही, पण तुझ्या त्या शाईवर मी शिकलो. हैदराबादच्या चित्रशाळेत कमर्शियल आर्टच्या वर्गात मला घेतलं ते गोणपाटावर काढलेली चित्रं बघूनच.

"म्हंजी काय शिकणार?" तू विचारलंस.

मी सांगितलं, जाहिराती, पाट्या, पुस्तकांची वेष्टनं, साबणाची खोकी.

"म्हंजी मोंढ्यातला रंगारी करतो तेच?"

मला राग आला होता. "तेच, पण शिकून," मी म्हणालो.

"बरं. शिकून कर."

दुसऱ्या वर्षाला असताना राज्यं बदलली. परभणी मुंबई राज्यात गेली आणि हैदराबाद दुसऱ्या राज्याची राजधानी झालं. मी होतो तिथेच होतो, पण वसतिगृहाच्या रजिस्टरात माझं नाव परप्रांतीयांच्या पानावर गेलं. तू पत्रातून विचारलंस, आता गाडी बदलावी लागते का. लागत नव्हती. तीच गाडी, तेच स्टेशन.

तिसऱ्या वर्षी आमच्या सरांनी प्रत्येकाला एक कागद दिला. आपल्याला कशाकडे जायचंय ते एका पानात लिहून आणा, म्हणाले. माझ्या वर्गातल्या एकाने सिनेमाची पोस्टरं लिहिली, एकाने पुस्तकांची मुखपृष्ठं. एकाला मुंबईच्या जाहिरात कंपनीत जायचं होतं आणि त्याचं पान त्याच दिवशी भरलं. माझा कागद कोरा. माझं रेखाटन चांगलं होतं, अक्षर चांगलं होतं, ज्याचं चित्र समोर ठेवाल त्याच्यासारखं हुबेहूब काढून द्यायचो. सरांनी माझी वही चाळली आणि ते दख्खनीत म्हणाले, "हात अच्छा है मियाँ. पर जाना किधर है?"  तो कोरा कागद घेऊन मी संक्रांतीला घरी आलो.

घरी तू चुलीपुढे बसली होतीस. आठ दिवसांपूर्वी कौसाबाईचा हात गेला होता.

तेव्हा मला जिनिंग आतून माहीत नव्हतं. तूच जमिनीवर कोळशाने रेघा ओढून समजावलंस. वर रेच्यांची रांग, बायका उभ्या राहून कापूस लावतात. रुई एका बाजूला निघते, सरकी खाली पडते. खाली रेच्यांच्या बुडाशी लांब अंधारा बोळ, आणि त्या बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी दांडा फिरतो. त्या दांड्यावरच सगळे पट्टे चालतात. सरकी साचली की झाडून काढायला बाईला वाकून त्या बोळात जावं लागतं. दांडा चालू असतानाच. कौसाबाई आत गेली आणि तिचा पदर दांड्यात अडकला.

"फाटकावर पाटी हाय म्हणं, धोका हाय म्हून," तू म्हणालीस. "कुणाला वाचता येती ती? गेल्या साली मत टाकलं तवा पेटीवर चित्र होतं. आमाला कळलंच की नाही? मंग हितं चित्र का न्हाई लावत?" मग माझ्याकडे वळलीस. "तू पाट्या शिकायलास न्हवं? एक पाटी काढ. वाचता न येणाऱ्याला कळंल अशी."

तू माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ती एकच गोष्ट. आणि खरं सांगतो अक्का, मला ते काम हलकं वाटलं. जिनिंगातल्या बायकांसाठी पाटी. हो म्हणालो, हैदराबादला गेलो, आणि महिनाभर काहीच केलं नाही. मग एका परदेशी मासिकात सुरक्षेचं एक पोस्टर बघितलं. त्यावरून एका बैठकीत काढलं. काळ्या पाटीवर लाल वर्तुळ, वर्तुळात समोर धरलेला पांढरा पंजा. थांबा. सरांनाही बरं वाटलं. मी पत्र्यावर रंगवून ते गाडीने पाठवलं.

होळीला घरी आलो तर तू हसत होतीस. तशी पोट धरून हसताना मी तुला क्वचित पाहिलं होतं. "चल, दावते तुला," म्हणालीस आणि मला जिनिंगात घेऊन गेलीस. बोळाच्या तोंडावर माझा पंजा लावलेला होता. त्याच्या तळव्यावर कुंकू, बोटांवर हळद, खाली फुटकं नारळ आणि विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या.

"तुझ्या हाताला पाया पडायलेत सगळ्या," तू म्हणालीस. "आशीर्वाद हाय म्हणत्यात. त्याला हात लावून आत जायलेत."

मी चिडलो. अडाण्यांसाठी कितीही डोकं चालवा, उपयोग नाही, असं काहीतरी बोललो. तुझ्यासमोर. तुझं हसू थांबलं.

"अडाणी आमी हाव," तू म्हणालीस, "पर आंधळ्या न्हाई. तू आमाला इचारलं कवा?"

मी तसाच परत गेलो. पण पुढच्या दिवाळीनंतर, सीझन सुरू झाल्यावर, पंधरा दिवसांची रजा काढून आलो आणि रोज दुपारी भाकरीच्या सुट्टीत जिनिंगच्या आवारातल्या लिंबाखाली तुमच्यात येऊन बसायला लागलो. तू मला बोलावलंस म्हणून नाही, तुझं ते वाक्य पाठ सोडत नव्हतं म्हणून.

ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. हे तुला सांगायचं राहिलं.

मी कवटी काढून दाखवली तर एकजण म्हणाली, "हे तर म्हसोबाचं ठाणं." फुली काढली तर कुणालाच काही वाटलं नाही. दांड्यात अडकलेला तुटका हात काढला, तेव्हा कौसाबाई उठून निघून गेली. तू मला झापलंस, "तिचा हात कशाला काढतो? रोज बगती ती तो." मग तू माझ्या हातातला कोळसा घेतलास. तुला धड रेघ ओढता येत नव्हती, तरी तू जमिनीवर एक वेडीवाकडी रेघ ओढलीस, दुसऱ्या रेघेभोवती गुंडाळली, आणि म्हणालीस, "हात काढू नको. हात नंतर जातो. आधी पदर जातो."

ती पाटी तुझी आहे अक्का. मी फक्त रेघा नीट केल्या. काळी वाकलेली बाई, चेहरा नाही, काळा दांडा, आणि दांड्याला गुंडाळत चाललेला तांबडा पदर. दुसरा रंग नाही, अक्षर नाही. पहिल्यांदा रंगवून लिंबाखाली उभी केली तेव्हा मी काहीच समजावून सांगितलं नाही. बायका बघत राहिल्या. एका म्हातारीने नकळत आपला पदर ओढून कमरेला खोवला. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आपण दोघांनी मिळून काहीतरी केलं.

परत जाऊन मी तो कोरा कागद भरला. एका बैठकीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी काढीन, त्यांना विचारून काढीन, असं लिहिलं. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. वार्षिक प्रदर्शनात पाटीची प्रत दर्शनी भिंतीवर लागली. लोक मला विचारायचे, ही कल्पना कशी सुचली. मी म्हणायचो, निरीक्षणातून. तुझं नाव मी घेतलं नाही. एकदाही नाही. तू शिकलेली नव्हतीस, तुझं नाव सांगितलं असतं तर कल्पनेची किंमत कमी झाली असती असं मला वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

पाटी लागली आणि एक वर्ष कुणाला काही झालं नाही. मॅनेजर खूष होता. त्याने माझ्याकडून आणखी तीन करून घेतल्या आणि वेगवेगळ्या दारांवर लावल्या. तुला खोकला सुरू झाला होता. वर रेच्यावर उभं राहवत नाही म्हणून तुला खाली सरकीवर दिलं होतं. खाली तर रुईचा धुरळा जास्त. हे तू मला कळवलं नाहीस, किंवा मास्तरांना लिहायला सांगितलं नाहीस.

मग या सीझनला रुक्मिण गेली.

एकोणीस वर्षांची, पोखर्णीची, लग्न होऊन परभणीत आलेली. सकाळी कामाला लागल्या लागल्या बोळात गेली आणि पाटी बघूनच गेली. पदर खोवला होता तिने. पण वाकताना सुटला. पट्टा थांबवेपर्यंत उशीर झाला होता. दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली.

चौकशीला सरकारी साहेब आले. पुढचं मला तू सांगितलंस, आणि सांगताना भिंतीकडे बघत होतीस. मॅनेजरने साहेबांना बोळाच्या तोंडावर नेलं आणि पाटी दाखवली. बघा, म्हणाला, वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी पाटी आहे. बायकांनीच करून घेतलीय. आणखी काय करायचं माणसाने? साहेबांनी तुला बोलावलं. तू सगळ्यांत जुनी, आणि पाटी काढणाऱ्याची बहीण.

"ह्या चित्राचा अर्थ कळतो का बाई तुला?"

"कळतो," तू म्हणालीस.

"बाकीच्यांना कळतो?"

"समद्यांना कळतो."

साहेबांनी लिहून घेतलं. पाटी असूनही बाईने निष्काळजीपणा केला. रुक्मिणीचा सासरा फाटकाशी बसून राहिला दोन दिवस, मग गावाकडे गेला.

"मी खोटं कसं बोलू?" तू मला विचारलंस. "तू काढलेली पाटी. कळत न्हाई कशी म्हणू?"

मी संक्रांतीला घरी होतो. ती आपली शेवटची भेट. तू खोकत होतीस, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण तू जे मागत होतीस त्याने मी हादरलो होतो. तू म्हणालीस, "नामा, ती पाटी काढून टाक."

मी म्हणालो, पाटीचा काय दोष? पाटीने वर्षभर सगळ्यांना वाचवलं. पाटी नसती तर आणखी गेल्या असत्या.

"पाटीचा न्हाई दोष. माझा हाय." तू थांबत थांबत बोलत होतीस, दम पुरत नव्हता. "कौसाचा हात गेला तवा मी चित्र मागितलं. मी दांड्याला जाळी मागायला पायजे होती. सगळ्यांनी मिळून जाळी मागितली असती तर द्यावी लागली असती. मी चित्र मागितलं म्हून त्येंला सोपं झालं. आता जाळी कोण देतंय? पाटी हाय की."

मला कळलं होतं अक्का. तू म्हणालीस त्या क्षणीच कळलं होतं. पण मी शेवटच्या वर्षाला होतो, माझं पान त्या पाटीवर उभं होतं, सगळी परीक्षा त्या पाटीवर उभी होती. मी म्हणालो, "तुला त्यातलं कळत नाही. हे शिक्षणाचं काम आहे."  सकाळी मी निघालो तेव्हा तू भाकरी बांधून दिलीस. स्टेशनापर्यंत आली नाहीस, दम लागत होता. दारातून हात केलास.

तुझा दोष नव्हता, एवढं मी म्हणायला हवं होतं. वाक्य केवढंसं. गाडीत बसल्यावर ते मनात तयार झालं आणि हैदराबाद येईपर्यंत मी ते घोळवत होतो. पत्रात लिहावं तर मास्तर वाचणार. होळीला जाऊ तेव्हा बोलू, ठरवलं. होळीच्या आधी तार आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी भेटलो. त्यांनी सांगितलं, छातीत रुई बसते. वर्षानुवर्षं बसते, मग श्वासाला जागा राहत नाही. जिनिंगातल्या बायकांचं असंच होतं. अगदी साधेपणाने सांगितलं, जसं पाऊस आला तर चिखल होतो. घरी येऊन मी कागद घेतला आणि त्याचं चित्र काढायचा प्रयत्न केला. दोन दिवस बसलो. दांडा दिसतो, पदर दिसतो. हवेतली रुई कशी दाखवणार? पांढऱ्या कागदावर पांढरं. काळ्या कागदावर पांढरे ठिपके काढले तर चांदणं वाटलं. आणि निघालं असतं चित्र, तरी ते बघून तू काय केलं असतंस? श्वास घ्यायचा थांबवला असतास? मी कागद फाडले.

तेरावं झाल्यावर मी मॅनेजरकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, तुझ्याबद्दल चांगलं बोलला. मी म्हणालो, बोळावरची पाटी मला परत द्या, आणि दांड्याला जाळी बसवा.

"जाळीचं वर कळवू," तो म्हणाला. "पण पाटी कशाला काढता? तुमच्या बहिणीची आठवण आहे ती. इथल्या बायकांचा त्या पाटीवर विश्वास आहे. आणि आता तर पाथरीच्या जिनिंगवाल्यांनीही तशी करून घेतलीय. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. तिथल्या रंगाऱ्याने आपली पाटी बघून तशीच काढली होती. म्हणजे इथली मी उतरवली असती तरी तिकडची राहिली असती.

बाहेर लिंबाखाली बायका जेवत होत्या. मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, तुम्ही सगळ्या मिळून जाळी मागा, अक्काचं तेच म्हणणं होतं. ज्या म्हातारीने पहिल्या दिवशी पदर खोवला होता ती म्हणाली, "मागितली की. रुक्मिण गेली तवाच मागितली. तुझ्या अक्कानंच मागितली, आमाला घेऊन गेली आत. म्हणले, पाटी हाय, सांभाळून काम करा." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "आमाला कळत न्हवतं म्हून कुणी मेलं न्हाई बाबा. सगळं कळतंय. कळून काय करावं?"

तू आत जाऊन जाळी मागितली होतीस. मला ते सांगितलं नाहीस. मी तुला शिक्षणाचं काम समजावत होतो तेव्हा तू मागून, नकार घेऊन आलेली होतीस.

उद्या मला परत जायचंय. परीक्षा आहे. सर म्हणतात, पहिला वर्ग कुठे जात नाही, आणि कारखान्यांसाठी अशाच पाट्या करून देणाऱ्या एका कचेरीत माझं नाव त्यांनी सुचवलंय. मी जाईन बहुतेक. दुसरं काही मला येत नाही, आणि दुसरीकडे जायचं कुठे हे ठाऊक नाही. येत्या मे महिन्यात पुन्हा नवं राज्य होणार आहे म्हणतात. मोंढ्यात रंगारी शिड्या काढून बसलेत. सगळ्या पाट्या पुन्हा रंगवायच्या.

आज दुपारी स्टेशनावर तिकिटाची चौकशी करून येताना मी जिनिंगात शिरलो. का शिरलो सांगता येत नाही. तुझ्या जागी नवीन बाई घेतलीय. सतरा-अठराची असेल, आजचा तिचा पहिला दिवस. मुकादमाने तिच्या हातात तुझा झाडू आणि टोपली दिली आणि बोळ दाखवला. ती बोळाच्या तोंडाशी आली आणि चित्रापुढे थांबली. मी थोड्या अंतरावर उभा होतो. तिची नजर कशी फिरते ते मला दिसत होतं. आधी तांबडा पदर, मग दांडा, मग वाकलेली बाई. पुन्हा पदर. कुणी काही न सांगता तिला सगळं कळलं. चित्र अगदी बरोबर होतं.

तिने पदर दोन वेढे घेऊन कमरेला घट्ट खोवला. ओढून बघितला. मागे वळून मुकादमाकडे पाहिलं.

"चल बाई," तो म्हणाला, "सरकी साचली."

ती वाकली आणि आत गेली.